‘तुमच्याकडे किती पडला?’

 

ही भाषणमाला बघणारे तुम्ही लोक महाराष्ट्रात आहात, इंदूर-बडोद्याला आहात, बेळगाव-हुबळीला आहात, आणि बरेच जण परदेशात आहात. म्हणून आज असा विषय घेतला आहे, जो या सगळ्या गावांत कधी ना कधी दारात येऊन उभा राहतो. तो विषय म्हणजे पाऊस. रिमझिम, कांदाभजी आणि चहावाला नव्हे, तर धो-धो पडणारा, घरात शिरणारा पाऊस. आणि त्यावर आपण लांब राहणारी माणसं फोनवर, व्हिडिओ कॉलवर जे बोलतो, ते बोलणं.

आधी माझ्याबद्दल दोन शब्द. माझं माहेर सांगली आणि सासर तंजावर. सासरचं घर इथलंच, पिढ्यान्‌पिढ्यांचं मराठी घर. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात इथं भोसल्यांचं राज्य उभं केलं. त्या काळात आलेली घराणी इथंच राहिली. इथल्या बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीतून दगडावर कोरलेला आहे, १८०३ सालचा. त्यामुळे कावेरीच्या काठी मराठी बोलणारी मी काही पहिली नव्हे.

आम्ही कॉलेजातले पाच मित्रमैत्रिणी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर भेटतो. इथं रात्रीचे आठ, दुबईत साडेसहा, उन्हाळ्यात जर्मनीत दुपारचे साडेचार आणि ह्यूस्टनला सकाळचे साडेनऊ. आमच्यात माणसांची नावं मागं पडली आणि गावंच नावं झाली. दुबई, बॉन, ह्यूस्टन, चिपळूण आणि मी तंजावर. ‘काय गं तंजावर, जेवलीस का?’ अशी सुरुवात होते.

पावसाळ्यात या गप्पांना एक वळण हमखास येतं. ‘तुमच्याकडे किती पडला?’ कुणी म्हणतं शंभर मिलिमीटर. चिपळूण म्हणतं, ‘हॅ, एवढा तर आमच्याकडे दुपारच्या झोपेत पडतो.’ मग हशा. ह्यूस्टन इंचात सांगते, आम्ही गुणाकार करतो. आकड्यांची अशी कुस्ती लागते आणि ज्याचा आकडा मोठा तो जिंकला.

मला आज तुम्हाला एवढंच सांगायचं आहे की हा आकडा पुराचा आकडा नव्हे. पाऊस किती पडला यावरून आपल्या माणसाच्या दारात पाणी येणार की नाही, हे कळत नाही. आणि ज्यांचे आईवडील पूर येणाऱ्या गावात राहतात आणि मुलं साता समुद्रापार, त्यांच्यासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे.

आमच्या पाच गावांचाच हिशेब मांडते.

जर्मनीपासून सुरू करू. १४ आणि १५ जुलै २०२१. बॉनच्या दक्षिणेला आर नावाची एक छोटी नदी आहे, ती पुढं ऱ्हाइनला मिळते. त्या खोऱ्यात दीड-दोन दिवसांत पाऊस पडला साधारण १०० ते १५० मिलिमीटर. कोकणातल्या माणसाला हा आकडा सांगा, तो छत्रीही उघडणार नाही. पण त्या पुरानं जर्मनीत १८० हून अधिक माणसं गेली, त्यातली बहुतेक त्या एका खोऱ्यातली. कारण काय? जमीन आधीच भिजलेली, दोन्ही बाजूंनी उभे डोंगर, मध्ये चिंचोळी दरी आणि दरीच्या तळाला घरं. डोंगरावरचं सगळं पाणी एकाच वेळी त्या एका फटीत उतरलं.

त्यानंतर आठवड्याभरात, २२ जुलैला, चिपळूण बुडालं. त्याच दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. चिपळूणला वाशिष्ठी आहे, शिव नदी आहे, वर सह्याद्री आहे आणि खाली समुद्राची भरती. वरून पाणी येतंय आणि खाली भरती दार लावून बसलीय. मग पाणी बाजारपेठेत शिरणार नाही तर काय करेल?

दुबईचं तिसरंच. १६ एप्रिल २०२४. अमिरातीत अल ऐन भागात एका ठिकाणी चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. तिथं १९४९ पासून नोंदी आहेत, त्यांतला हा सर्वांत मोठा. दुबईत वर्षभराचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आसपास असतो. तिथं कोकणासारखी गटारं कोण बांधून ठेवणार? विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी आलं. आमचा दुबईवाला दोन दिवस घरातून काम करत होता आणि खाली पार्किंगमध्ये गाड्या तरंगत होत्या.

आणि ह्यूस्टन. ऑगस्ट २०१७ मधलं हार्वे वादळ. टेक्सासात नेदरलँड नावाच्या गावी त्या काही दिवसांत ६० इंचांहून जास्त, म्हणजे १५०० मिलिमीटरच्या वर पाऊस मोजला गेला. ह्यूस्टन पाटासारखं सपाट. पाण्याला उतारच नाही. तिथं शहराच्या पश्चिमेला पूर अडवण्यासाठी बांधलेले दोन मोठे जलाशय आहेत, ॲडिक्स आणि बार्कर. ते भरत आले तेव्हा पाणी सोडावं लागलं, आणि काही वस्त्यांत पाऊस ओसरायला लागल्यावर पाणी चढलं. आमची मैत्रीण म्हणाली होती, ‘ऊन पडलं होतं गं, आणि आमच्या मागच्या गल्लीत पाणी वाढत होतं.’ हे वाक्य लक्षात ठेवा. ते पुढं कामाला येणार आहे.

एकाच शहरातही हे होतं. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३. परदेशातून फोन करणाऱ्या मुलाला ‘मुंबईत किती पडला?’ याचं काय उत्तर देणार?

आता माझ्या गावाकडे या.

तंजावरला दोन पाणी असतात आणि ती दोन वेगवेगळ्या ऋतूंत येतात. पहिलं पाणी परगावचं. जून ते ऑगस्टमध्ये नैर्ऋत्य मोसमी पाऊस पडतो तो कोडगूमध्ये, वायनाडमध्ये. तंजावरात तेव्हा बऱ्याचदा रखरखीत ऊन असतं. पण तिकडचं पाणी कावेरी घेऊन येते. ते मेट्टूरच्या धरणात साठतं. हे धरण १९३४ सालचं. तिथून पाणी सोडलं की कल्लणैला पोचायला साधारण तीन दिवस लागतात. हे पहिलं पाणी इथं सणासारखं असतं. अगदी खरोखरचा सण. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, आडिपेरुक्कु. पेरुक्कु म्हणजे पाणी चढणं. इथून जवळच तिरुवैयारूला बायका घाटावर जाऊन कावेरीची पूजा करतात, हळदीचा दोरा बांधतात, नाना प्रकारचा भात करून नेतात. नवी सांगलीहून आले होते तेव्हा मला याचं फार नवल वाटायचं. आमच्याकडे कृष्णा चढली की लोक पुलावर जाऊन धास्तीनं फूट मोजतात, आणि इथं नदी चढली की ओटी भरतात.

दुसरं पाणी आमचं स्वतःचं. ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी पाऊस. वर्षाच्या पावसातला निम्म्याहून जास्त तेव्हा पडतो. बंगालच्या उपसागरात पट्टा तयार होतो, कधी चक्रीवादळ होतं. आणि नेमके तेव्हा महाराष्ट्रातले आमचे नातेवाईक दिवाळीचे फराळाचे डबे भरत असतात. त्यांच्या लेखी पावसाळा संपलेला असतो. जुलैमध्ये टीव्हीवर ‘दक्षिणेत पूर’ दिसला की मला दहा फोन येतात आणि मी उन्हात वाळवणं टाकत असते. नोव्हेंबरात आम्ही खरंच पाण्यात असतो आणि फोन येतो, ‘चकल्या कशा झाल्या?’

या दोन पाण्यांचं काय करायचं, हा प्रश्न या भागाला दोन हजार वर्षांपासून पडलेला आहे. तंजावरहून तिरुचिरापल्लीच्या दिशेला कल्लणै आहे. कल्ल म्हणजे दगड, अणै म्हणजे बांध. करिकाल चोळ राजानं हा बांधला असं मानतात. लांबी सुमारे ३२९ मीटर. पाहायला गेलात तर धरण म्हणून निराश व्हाल. मागं मोठा जलाशय नाही, उंच भिंत नाही. कारण त्याचं काम पाणी अडवण्याचं नाहीच, पाणी वाटण्याचं आहे. इथं कावेरीच्या शेजारून कोळ्ळिडम नावाचा फाटा जातो. तो सखल आणि रुंद, समुद्राकडे लवकर जाणारा. शेतीला लागेल तेवढं पाणी कावेरी आणि वेण्णारमध्ये आणि जास्तीचं कोळ्ळिडममध्ये. म्हणजे येणाऱ्या पुराची वाट आधीच आखून ठेवायची.

एकोणिसाव्या शतकात आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्यानं याच कल्लणैचा अभ्यास केला आणि वरच्या बाजूला मुक्कोंबूला १८३६ मध्ये आणखी एक बांध घातला. पण जुन्या कामाचा अभिमान बाळगून भागत नाही. २२ ऑगस्ट २०१८ च्या रात्री त्या मुक्कोंबूच्या ४५ दारांपैकी ९ दारं पाण्यानं वाहून गेली. वर्ष असं की कोळ्ळिडम दुथडी वाहत होती, लाखो लिटर पाणी समुद्राला जात होतं, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचे शेतकरी ‘आमच्याकडे पाणी पोचलं नाही’ म्हणून ओरडत होते. आणि त्याच वर्षी १६ नोव्हेंबरच्या पहाटे गजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्यावर आलं. आमच्या जिल्ह्यातल्या पट्टुक्कोट्टै आणि पेरावूरणी भागातल्या नारळाच्या बागा आडव्या झाल्या. एका वर्षात पूर, टंचाई आणि वादळ, तिन्ही. पावसाचा कुठला आकडा हे सांगू शकेल?

इथल्या तमिळमध्ये दोन शब्द आहेत, ते मला फार आवडतात. वाय्क्काल आणि वडिकाल. वाय्क्काल म्हणजे शेतात पाणी आणणारा पाट. वडिकाल म्हणजे शेतातलं पाणी बाहेर नेणारा चर. आणणारा वेगळा, नेणारा वेगळा. आमच्या मळ्याचा कारभार बघणारे एक म्हातारे गृहस्थ मला म्हणाले होते, ‘अम्मा, पाट साफ करायला सगळे येतात. चर साफ करायला कुणी येत नाही. पाणी हवं असतं तेव्हा माणूस जागा असतो, नको असतं तेव्हा झोपलेला.’ पूर्वी गावानं मिळून हे पाट, चर, तळी दुरुस्त करायची रीत होती, कुडिमरामत्तु म्हणतात तिला. राज्य सरकारनं २०१६-१७ पासून या नावाची योजना पुन्हा सुरू केली. पण चरांत जलपर्णी माजते, कडेनं घरं येतात, समुद्राच्या तोंडाशी वाळूचे बांध होतात. मग पाणी येतं खरं, जात नाही.

११ नोव्हेंबर २०२२ ला आमच्या शेजारच्या मयिलाडुतुरै जिल्ह्यात सीर्काळी या गावी एका दिवसात ४४ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा डोळ्यांपुढं आणून बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची असेल तर ४४ सेंटिमीटरला तिच्यावर जवळजवळ ४१ हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे चार टँकर, एका गच्चीवर. आणि एक एकर शेतावर सुमारे १८ लाख लिटर. सगळा प्रदेश सपाट, समुद्र जवळ, नुकती लावलेली सांबा भाताची रोपं हातभरसुद्धा नाहीत. ती बुडाली की चार-पाच दिवसांत कुजायला लागतात. शेतकऱ्याला तेव्हा ‘किती पडला’ हे ऐकायचं नसतं. त्याला एवढंच हवं असतं की चर कधी वाहायला लागेल.

आणि त्याच्या आधी ऑक्टोबरात कुरुवै भाताची कापणी असते. सरकारी खरेदी केंद्रावर भातातला ओलावा १७ टक्क्यांपर्यंतच चालतो असा नियम. पाऊस आला की लोक रस्त्यावर भात पसरतात, ताडपत्री टाकतात, पुन्हा काढतात. सवलत मिळावी म्हणून दिल्लीकडे डोळे लावून बसतात. पाच मिलिमीटर पाऊससुद्धा त्या रात्री पूरच असतो.

तेव्हा मंडळी, चार देशांतली आमची मंडळी बोलता बोलता एका ठिकाणी आलो. पाऊस किती, हा हवामानखात्याचा प्रश्न. आपल्या माणसासाठी प्रश्न तीन: पाणी कुठून येणार, किती वेळात येणार आणि कुठून जाणार?

याचा खरा उपयोग आम्हाला झाला तो ऑगस्ट २०१९ मध्ये. ह्यूस्टनच्या मैत्रिणीचे आईवडील सांगलीला गावभागात राहतात. दोघं सत्तरीच्या पुढची. कृष्णा चढत होती. ती तिकडून रोज फोन करायची, ‘बाबा, निघा.’ बाबांचं उत्तर ठरलेलं, ‘अगं, २००५ चा महापूर बघितलाय मी. तेव्हा पाणी आपल्या तिसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं. उगाच घाबरवू नकोस.’ आणि खरंच त्यांनी भिंतीवर पेन्सिलीनं खूण करून ठेवली होती, तारखेसकट.

हे वाक्य पुरात सगळ्यांत घातक असतं. ‘गेल्या वेळी इथवरच आलं होतं.’ बॉनजवळच्या खोऱ्यातही लोक हेच म्हणत होते.

पाचही जणांनी मिळून त्यांना फोन लावला. रडारड नाही, ‘निघा निघा’ नाही. मी सांगलीची, मला आयर्विन पूल पाठ. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. मी विचारलं, ‘काका, आत्ता पुलाला किती फूट?’ त्यांनी सांगितलं. ‘आणि सकाळी किती होतं?’ तेही सांगितलं. काका निवृत्त गणिताचे मास्तर. मी म्हटलं, ‘दर तीन तासांनी आकडा लिहून ठेवा आणि तुमच्या खुणेशी त्याचं त्रैराशिक मांडा.’ ह्यूस्टननं फक्त एक गोष्ट जोडली, ‘बाबा, पाऊस थांबला तरी धरणातलं पाणी नंतर येतं. आमच्याकडे ऊन पडलं होतं आणि पाणी चढत होतं.’

काकांनी कागद घेतला. संध्याकाळी त्यांचाच फोन आला. म्हणाले, ‘या चालीनं उद्या खूण ओलांडणार. आम्ही विश्रामबागला भाच्याकडे निघालोय. औषधं घेतलीत. तुझ्या आईनं देव घेतलेत.’ त्या वेळी आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. काकांच्या तळमजल्यावर पंख्याला पाणी लागलं होतं. भिंतीवरची पेन्सिलीची खूण कुठं गेली ते सापडलंही नाही.

आता दुसरी बाजूही सांगते. आर नदी जिथं ऱ्हाइनला मिळते तिथं झिन्त्सिग नावाचं गाव आहे. वरच्या खोऱ्यात पूर येऊन कित्येक तास झाले होते. पाणी खाली यायला वेळ होता. पण तिथल्या दिव्यांगांच्या निवासगृहात रात्री पाणी शिरलं आणि १२ जण गेले. अंदाज वर्तवले गेले होते, इशारे निघाले होते. पण ‘वर एवढं पाणी आलंय, म्हणजे आमच्या दाराशी इतक्या वाजता येईल, म्हणजे या माणसांना आत्ता उचला’ हा शेवटचा हिशेब वेळेवर झाला नाही. बॉनची मैत्रीण हे सांगताना अजून थांबते.

इशारा आणि उंबरठा यांच्यात जे अंतर असतं, ते कुठलंही खातं पूर्ण भरून काढू शकत नाही. ते भरायला घरचं माणूस लागतं, मग ते शेजारच्या खोलीत असो की ह्यूस्टनला.

म्हणून परदेशातल्या आणि परगावातल्या सगळ्यांना चार कामं सांगते. पाऊस नसताना करायची आहेत.

पहिलं, घरच्यांना विचारून घ्या की आपल्या नदीची पातळी कुठं मोजतात, आणि तिथं किती झालं की पाणी आपल्या गल्लीच्या तोंडाशी येतं. हा आकडा कपाटाच्या दाराच्या आत चिकटवा.

दुसरं, वर धरण कुठलं आहे आणि तिथून सोडलेलं पाणी आपल्याकडे यायला किती वेळ घेतं, ते माहीत करून घ्या. बातमीत क्युसेक म्हणतात ना, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, साधारण दोन बादल्या. एक लाख क्युसेक ऐकलं की दर सेकंदाला दोन लाख बादल्या, एवढं समजलं तरी पुरे.

तिसरं, कुणाकडे जायचं ते आधी ठरवा. ‘वेळ आली की बघू’ नको. म्हातारी माणसं घर सोडत नाहीत ती पाण्याला घाबरत नाहीत म्हणून नव्हे, दुसऱ्याच्या दारात ओझं होऊन जाण्याला घाबरतात. भाच्याकडून किंवा शेजाऱ्याकडून ‘या’ असं आमंत्रण आधीच आलेलं असेल तर पाय लवकर उचलतात.

चौथं, संकटाच्या वेळी त्यांच्याकडे व्हिडिओ मागू नका. ‘दाखव ना, कुठवर आलंय?’ म्हणून बॅटरी संपवू नका. जुन्या पुरांचे फिरून आलेले व्हिडिओ तर अजिबात पुढं पाठवू नका. एकानं फोन करायचा, त्यानं बाकीच्यांना सांगायचं. गजा वादळानंतर आमच्या दक्षिणेकडच्या तालुक्यांत कित्येक दिवस वीज नव्हती. फोनमध्ये उरलेली दहा टक्के बॅटरी तेव्हा सोन्यासारखी असते.

तुम्ही कल्लणै बघायला या कधीतरी. नोव्हेंबर सोडून या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांना पाऊस किती पडेल हे सांगणारं यंत्र नव्हतं. त्यांनी फक्त एवढं केलं की पाणी आलं तर कुठून जाईल, याची सोय आधी करून ठेवली. आपल्याला आपापल्या घरापुरतं तेवढंच करायचं आहे.

आणि हो, जुलैमध्ये माझी काळजी करू नका. नोव्हेंबरात मात्र एक फोन जरूर करा.